रेडकाच्या पोटातलं ऑइल

मी आजवर चौदा पत्रकं काढली. तेरा खरी होती, त्यांतल्या बाराची कुणी दखल घेतली नाही. एक साफ चुकलं, ते मात्र सांगवीपासून बावड्यापर्यंत लोकांनी तोंडपाठ केलं. ही त्या चुकलेल्या पत्रकाची हकीगत. लोक ती मला अजून चहाच्या टपरीवर ऐकवतात आणि दर वेळी तीत काहीतरी वाढवतात. म्हणून एकदा जशी घडली तशी लिहून टाकतो.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत. गावात पाण्याची सोसायटी आहे. तिच्या चाऱ्या, म्हणजे रानारानात पाणी नेणारे छोटे कालवे, दर वर्षी गाळानं भरतात. नव्वद सालानंतर कधीतरी एक कॉन्ट्रॅक्टर इकडचं काम आटोपून निघाला, तेव्हा त्याच्याकडून सोसायटीनं एक जुनं परदेशी मशीन घेतलं. ट्रॅक्टरपेक्षा बुटकं. टायरच्या जागी दोन्ही बाजूंना लोखंडी चेन आणि पुढं माती उचलायचं बकेट. चारीच्या आत उतरून ते गाळ खरवडून बाहेर टाकायचं. मोठ्या मशीनसमोर ते म्हशीच्या पिलासारखं दिसे, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं रेडकू.

गावानं घेतलेलं मशीन मुक्कामाला कुठं? चेअरमनच्या गोठ्यात, पत्र्याखाली, सिमेंटच्या कोब्यावर! आणि संध्याकाळी सोसायटीचं काम सुटलं की चेअरमनच्या रानातले उंचवटे आपोआप सपाट होत. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि पाहिलेलं पोटात ठेवायची मला सवय नव्हती. बारामतीच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद स्वस्तात मिळाला, त्यावर पत्रक काढलं: ‘यंत्र गावाचं की चेअरमनचं?’ त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागं घेणार नाही. मागणी एकच होती. यंत्र गायरानात, वडाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला एसटीतूनसुद्धा दिसेल असं उभं करा!

आणि मागणी मान्य झाली. माझ्या आयुष्यातली पहिली. चेअरमन शांतपणे म्हणाले, “न्या की. आमाला काय.” आम्ही रेडकू वाजत-गाजत गायरानात आणलं, मी स्वतः नारळ फोडला. वडाखालची जमीन ओढ्याकडं उतरती आहे. रेडकू नाक खाली करून, ओढ्यावर पाणी प्यायला निघाल्यासारखं उभं राहिलं. फार छान दिसत होतं.

त्याचा ड्रायव्हर पन्नाशीचा गडी, सगळे त्याला आबा म्हणत. आबांच्या घरात बापाच्या काळापर्यंत मेंढरं होती. आबा लहानपणी कळपामागं फिरले, पुढं ट्रॅक्टरवर गेले, तिथनं रेडकावर आले. पण वागणूक कळपातलीच. स्वतः न्याहारी करायच्या आधी ते मशीनची न्याहारी बघायचे. इंजिनात एक लांब पट्टी असते. ती काढून, पुसून, परत घालून, पुन्हा काढली की ऑइल किती आहे ते तिच्यावरच्या खुणेवरून कळतं. आबा रोज सकाळी वडाखाली ही पट्टी बघायचे आणि खुणेच्या खाली दिसलं की कॅनमधनं ऑइल घालायचे.

“मुकं जनावर हाय,” ते म्हणायचे. “त्ये काय तोंडानं मागनार हाय व्हय?”

वडाखाली आल्यावर दोन-तीन आठवड्यांत रेडकाला रोग लागला. सकाळी झकास चालायचं. दुपारी इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा थरथरायला लागायचा आणि हळूहळू लाल रंगात जाऊन बसायचा. प्रेशर पडलं म्हणजे ऑइल सगळीकडं फिरत नाही, आणि ऑइल फिरलं नाही की लोखंड लोखंडाला खातं. आबा लगेच इंजिन बंद करून बाभळीखाली बसायचे. मागून निळा धूर यायचा तो वेगळाच. काम निम्म्यावर आलं. आमचं रान चारीच्या अगदी शेपटाला. वरचे लोक ऊस पाजत होते आणि आमच्याकडं आषाढातही कोरडी ढेकळंच होती. आता सांगा, माणूस चिडणार नाही?

सोसायटीनं मीटर बदललं. काटा पडला. फिल्टर बदलला. काटा पडला. जाड ऑइल आणलं. काटा जरा उशिरा पडला. ऑइलचे कॅन मात्र येत राहिले आणि रिकामे होत राहिले. मी वडाच्या पारावर बसून विचार केला: कॅन येतोय, तरी प्रेशर नाही. म्हणजे ऑइल इंजिनात जात नाही. इंजिनात जात नाही तर जातं कुठं? बाहेर! आणि कॅन कुणाच्या हातात? याला मी तर्क म्हणत होतो.

दुसरं पत्रक निघालं: ‘ऑइल कुठं मुरतंय? ड्रायव्हर महाशयांनी जाब द्यावा!’ कागद तोच, गुलाबी. इंदापूरच्या स्टँडवर वाटलं, बावड्याच्या बाजारात वाटलं. आबांना मात्र एका शब्दानं विचारलं नाही. जाब जाहीर विचारायचा असतो एवढंच मी शिकलो होतो. आधी साधं विचारून बघावं, हे कुठल्या पत्रकात छापलेलं नव्हतं.

चार दिवसांनी मी फाट्यावरच्या टपरीत चहा पीत होतो. आबा आले. हातात घडी घातलेला गुलाबी कागद.

“पुढारी, ह्ये वाचून दाखव.”

“आबा, त्यात काय वाचायचं...”

“मला वाचता येत न्हाय. माझ्याबद्दल हाय म्हनत्यात. वाच.”

टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. त्याची काही गरज नव्हती. मी वाचायला लागलो. जे वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता, ते त्या बाकड्यावर बसून मी खालच्या आवाजात भराभर उरकलं.

“महाशय म्हंजे कोन?” आबांनी मधेच विचारलं.

“तुम्ही.”

“बरं. फुडं वाच.”

मी पुढं वाचलं. शेवटी तीन उद्गारचिन्हं होती, ती मी गिळली. आबांनी कागद परत घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

“लिवलंय झ्याक,” ते म्हणाले. “पर ऑइल मी इकलं न्हाय.”

ते माझ्या शेजारी बाकड्यावर बसले.

“बावड्याला लेक दिलीया माझी. व्याह्यांनी सांगावा धाडलाय, आधी त्या ऑइलाचं मिटवा, मग पंचमीला पोरीला न्यायला या. बाजारात कुनीतरी त्यास्नी ह्येच वाचून दावलं. आनि रविवारी सोसायटीची मिटिंग हाय. चेअरमनचा भाचा माझ्या शिटावर बसायला आंघूळ करून तयार हाय.” मग ते उठले. “चोर कोन त्ये तू सांगितलंस. आता ऑइल कुठं गेलं त्ये बी सांग. रविवारपातूर.”

टपरीवाला म्हणाला, “बरोबर हाय आबांचं. अर्धंच पत्रक काढलंस की रं तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी इंदापूरला गेलो. तिथं एक मिस्त्री होता, चेनच्या मशिनी करणारा. किडकिडीत माणूस, कानाला बिडी. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी पत्रकासकट.

“वाचलंय,” तो म्हणाला. “भज्याच्या पुडीला आलं हुतं.” मग हात पुसत विचारलं, “काटा पडला की तुमचा ड्रायव्हर काय करतो?”

“इंजिन बंद करतो.”

“ऑइल इकनारा बंद कशाला करंल? त्यो काट्याकडं बघनारच न्हाय.”

एवढी साधी गोष्ट! ती मला पारावर बसून सुचली नव्हती, त्याला बिडी पेटवायच्या आत सुचली.

शनिवारी मिस्त्री आला. वडाखाली निम्मं गाव जमलं होतं. गावाला मशीन बघायचं नव्हतं, मला बघायचं होतं. आबा चेनवर हात ठेवून उभे. सकाळचं ऑइल त्यांनी सवयीप्रमाणं घालून ठेवलं होतं. मिस्त्रीनं पट्टी काढली. ऑइल बरोबर खुणेवर.

“लेव्हल बरोबर,” तो म्हणाला.

मग त्यानं जुना फिल्टर हॅक्सॉ करवतीनं कापला, आतला कागद उलगडून उन्हात धरला आणि त्यावर बोट फिरवलं. “बेरिंग खाल्लं असतं तर हितं चमकी दिसली असती. न्हाय. इंजिन शाबूत हाय.” मग स्वतःजवळचं मीटर इंजिनाला लावलं. थंड इंजिनात प्रेशर ठणठणीत. मशीनवरचा काटा आणि त्याचा काटा, दोन्ही एकच सांगत होते. “मीटर बी खोटं बोलत न्हाय.”

पारावरचे एक तात्या, ऐंशी वर्षांचे, मला म्हणाले, “एकेक आरोपी सुटाया लागला बग. आता तू आनि आबा ऱ्हायलासा.”

मिस्त्री म्हणाला, “चारीत चला. तापू द्या.”

सगळी मिरवणूक चारीवर. आबांनी रेडकू चारीच्या तळात उतरवलं आणि गाळ काढायला लागले. अकराच्या सुमारास काटा थरथरला. दोन्ही मीटरचा थरथरला. मिस्त्रीनं हात वर केला, आबांनी इंजिन बंद केलं. एक बिडी ओढून होईपर्यंत तो थांबला. मग चारीच्या त्या सपाट तळात त्यानं पुन्हा पट्टी काढली.

ऑइल खुणेच्या वर चार बोटं! आणि पट्टीवर बारीक बारीक बुडबुडे.

“सकाळनंतर घातलं कुनी?”

“कोन घालनार? तुमच्याम्होरंच हाय की मी,” आबा म्हणाले.

मिस्त्रीनं पट्टीकडं बघितलं, मग दूर वडाकडं बघितलं. “गाडी परत वडाखाली लावा. जशी लावता तशीच.”

लावली. जरा थांबून पट्टी काढली. ऑइल बरोबर खुणेवर. “आता चारीत.” चारीत चार बोटं वर. “वडाखाली.” खुणेवर. तिसऱ्या फेरीला तात्या पारावरून ओरडले, “आरं, लगीन लागलंय का त्याचं? किती फेरं घालताय?”

मिस्त्रीनं मग समजावलं. मशीन नाक खाली करून उभं असलं की ऑइल पुढं वाहतं आणि मागं असलेल्या पट्टीला कमी लागतं. आबांना रोज कमी दिसायचं, ते रोज घालायचे. सपाटीवर आलं की तेच ऑइल जादा. आत फिरणारा क्रँक त्या जादा ऑइलात बुडून ते ताकासारखं घुसळायचा, त्याचा फेस व्हायचा, पंप फेस ओढायचा, आणि फेसाला कसलं आलंय प्रेशर? उरलेलं जळून निळा धूर. जळून कमी झालं की सकाळी वडाखाली पुन्हा कमी दिसायचं आणि पुन्हा न्याहारी.

आबांनी पट्टी हातात घेतली, बुडबुडे बोटावर चोळले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“मिस्त्री, ही तर पोट फुगल्याली मेंढी! दवातला वला लसूनघास खाल्ला की असंच हुतंय. आत निसता फेस. डाव्या कुशीवर थाप मारली की ढोल वाजतोय.”

“मग त्यावर काय देता?”

“गोडंत्याल पाजतो.”

“हितं नका पाजू,” मिस्त्री म्हणाला. आबांसकट सगळे हसले. मीही हसलो, आणि ती माझी घाई झाली. कारण मिस्त्रीनं पुढचा प्रश्न विचारला.

“एवढं गाव सपाट हाय. हितं उतारावर लावायला कुनी सांगितलं?”

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्यांनीच तोंड उघडलं. “पत्रक हुतं त्याचं. गुलाबी.”

चारीत मिस्त्रीनं चेंबरचा बोल्ट सैल केला आणि खुणेइतकं ठेवून वरचं ऑइल काढलं. पाऊण बादली भरली. मी पत्रकात ज्याला ‘संगनमताने गायब’ म्हटलं होतं ते ऑइल माझ्यासमोर काळंभोर, फेसाळ उभं होतं. दुपारभर रेडकू चाललं. काटा हलला नाही, धूर आला नाही. आबा चार वाजेपर्यंत शिटावरून उतरले नाहीत. जेवायलासुद्धा नाही.

रविवारी मिटिंग. चेअरमनच्या हातात माझं पत्रक. ज्या माणसानं माझी पत्रकं आजवर शेगडीत घातली, तो आज त्यातला एकेक शब्द चवीनं वाचत होता! “आमी काय म्हनत न्हाय. तुमच्याच पुढाऱ्यानं लिवलंय. छापील हाय. तवा ड्रायव्हर बदलावा असा ठराव...” भाचा मागच्या रांगेत केस बसवत होता. चेअरमनना शनिवारची बातमी माहीत नसेल असं नाही. पण ती छापील नव्हती.

मी उठलो. म्हणालो, “पत्रक खोटं आहे. आबांनी ऑइल विकलं नाही, जास्त घातलं. आणि जास्त घालावं लागलं कारण मशीन मी उतारावर लावायला लावलं. म्हणजे रोग पहिल्या पत्रकानं लावला आणि दोष दुसऱ्या पत्रकानं दुसऱ्याला दिला. दोन्ही पत्रकं माझी.”

बोलून झाल्यावर मला वाटलं, शांतता पसरेल. मिटिंग अशी हसली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. चेअरमन हसले नाहीत. ते फार हुशार गृहस्थ. म्हणाले, “मग मशीन परत आमच्या गोठ्यात. कोबा सपाट हाय, पान्याच्या लेव्हलनं घातलेला.”

अहो, त्या क्षणी मी हरलोच होतो! पण आबा उठले. म्हणाले, “दूध डेरीच्या म्होरं वटा हाय, त्यो बी सपाट हाय. तितं लावतो. समद्यास्नी दिसंल.” डेअरीवर सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव कॅन घेऊन येतं. ठराव झाला. ड्रायव्हर तोच, जागा डेअरीपुढची. भाचा निघून गेला.

बाहेर आल्यावर मी आबांना म्हणालो, “उद्याच दुरुस्तीचं पत्रक छापतो. पांढऱ्या कागदावर.”

“कागूद नगं,” आबा म्हणाले. “व्याही माझ्यासारखाच, अंगठ्याचा धनी. कागूद गेला की पुन्यांदा कुनीतरी दुसराच वाचून दावनार, आनि त्यो काय वाचंल त्येचा भरवसा न्हाय. तू ये. बाजारात ज्या जाग्याला वाटलंस त्या जाग्याला हुबा ऱ्हा आनि तोंडानं सांग.”

बाजाराच्या दिवशी मी बावड्याला उभा राहिलो, बोंबील विकणारी बाई आणि दोऱ्या विकणारा यांच्या मधे. आबा लांब, पानाच्या टपरीआड. मी सुरुवात केली, “बंधूंनो, मागल्या वेळी मी या जागेवर एक खोटं पत्रक वाटलं!” लोक भराभर जमले. मी इंजिन, उतार, फेस, पोट फुगणं, सगळं सांगितलं. संपल्यावर एकानं विचारलं, “पोटाचं औषद केवढ्याला?” मी औषध विकत नाही म्हटल्यावर निम्मी गर्दी गेली. बोंबीलवाली म्हणाली, “आरं बाबा, विकत न्हाईस तर सरक तरी. गिऱ्हाईक दिसत न्हाय मला.”

मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना पुढं एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला, तांबडं पागोटं, हातात काठी. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, “पुन्यांदा सांग. मोठ्यानं.” मी चौथ्यांदा सांगितलं. आवाज बसला होता.

“म्हंजे आमच्या व्याह्यानं इकलं न्हाय?”

“नाही.”

“उलट जादा घातलं?”

“हो. रोज.”

“भरल्यालं आसून?”

“भरलेलं असून.”

म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली आणि आजूबाजूच्या लोकांकडं बघितलं. “ह्ये खरं हाय! लग्नात वाढायला त्यो माझ्याम्होरं हुता. मी आडवा हात धरला, पान वडून घेतलं, उठून हुबा ऱ्हायलो, तरी बुंदी वाढली गड्यानं. तीन दिस मी जमिनीला पाट लावून पडल्यालो. त्या गड्याच्या हातात कॅन कुनी दिला?”

पानाच्या टपरीआडून आबा बाहेर आले. दोघांनी एकमेकांकडं बघून रामराम केला. व्याही काठी काखेत मारून म्हणाले, “पोरगी पिशवी भरून बसलीया कालधरनं. जेवा आनि न्या. पर वाढायला आमची मानसं आसतील, तुमी हात लावायचा न्हाय.”

मलाही जेवायला ओढलं. वाढणारी खुद्द आबांची लेक होती. मी दोन्ही हात पानावर आडवे धरले, तरी तिनं बोटांच्या फटीतून आमटी वाढलीच.